घरगुती ध्वनिमुद्रणातील संकोचन : पनवेल परिसरातील धवल्यांच्या संदर्भात एक साधनचिकित्सा

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासात साधनचिकित्सेची परंपरा जुनी आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, नक्कलकाराने कोठे शब्द गाळला आणि कोठे पदरचा घातला, हे विचारल्यावाचून कोणताही कागद पुराव्यास घ्यावयाचा नाही, असा दंडक आपल्याकडे पडला. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने तो पक्का केला. ध्वनिमुद्रणाला मात्र ही कसोटी लावण्याची सवय आपणांस अद्याप जडलेली नाही. फीत सुरू झाली की गाणारी व्यक्ती प्रत्यक्ष समोर बसली आहे असा भास होतो, आणि त्या भासापायीच चिकित्सा ढिली पडते. वस्तुतः ध्वनिमुद्रण हीदेखील एक नक्कलच होय. घरगुती ध्वनिमुद्रणात तर नक्कलकार यंत्राच्या पोटातच बसलेला असतो. तीव्रतेचे संकोचन, ज्यास ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात कॉम्प्रेशन म्हणतात, हे त्याचे काम. या कामाची रीत समजून घेऊन घरगुती फीत कशी वाचावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार पनवेल परिसरास धरून करण्यास सबळ कारण आहे. पनवेल, उरण, पेण या भागांतील आगरी समाजात लग्नविधीच्या वेळी धवले गाण्याची चाल आहे. ते गाणारी धवलारीण ही नुसती गायिका नव्हे. विधी तिच्या गाण्याच्या आधाराने चालतात, आणि म्हणून तिचे स्थान पुरोहिताच्या तोडीचे मानले गेले आहे. धवळे हा प्रकार मराठीत किती जुना आहे, हे तेराव्या शतकातील महदंबेच्या धवळ्यांवरून वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. (या दोहोंचा थेट वंशसंबंध जोडण्याची घाई मात्र करू नये, नामसाम्य हा पुरावा नव्हे.) आगरी धवले मुखपरंपरेने चालत आले, आणि ज्या गावांच्या आधाराने ते चालत आले ती गावेच गेल्या अर्धशतकात पालटली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी भूसंपादन सुरू झाले. त्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. पुढे ज्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, त्यासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी यांसारख्या दहा वस्त्या उठविण्यात आल्या. माणसे पुनर्वसनाच्या भूखंडांवर गेली. तथापि एका आळीतल्या बायकांचे एका मांडवात जमणे हे भूखंडाबरोबर वाटून देता येत नाही. अशा स्थितीत एखाद्या घरी जुन्या लग्नाची कॅसेट किंवा चित्रफीत निघाली, तर ती प्रथम दर्जाचे साधन ठरते.

अशा फितीस अभ्यासक कोणते प्रश्न विचारील? शब्द कोणते होते, चाल कोणती होती, हे तर विचारीलच. त्यापुढे, गाणे कोण उचलीत होती, मागून किती जणी म्हणत होत्या, मुलीची पाठवणी करताना आवाज खाली येत होता की वर जात होता, हेही विचारील. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे फीत बऱ्याच अंशी खरी देते. उरलेले सर्व प्रश्न आवाजाच्या जोराचे, म्हणजे तीव्रतेचे आहेत. आणि संकोचन घाला घालते तो नेमका तीव्रतेवर.

संकोचनाची क्रिया समजण्यास कठीण नाही. कोणत्याही गाण्यात सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांत जे अंतर असते त्यास तीव्रतेचा पल्ला म्हणू. हा पल्ला डेसिबेल या मापाने मोजतात. संकोचन करणारे यंत्र एक सीमा ठरवून घेते; आवाज त्या सीमेच्या आत असेतोवर त्यास हात लावीत नाही, सीमा ओलांडली की ओलांडलेला भाग ठराविक गुणोत्तराने कमी करते. समजा, सीमा उणे २० डेसिबेलवर आहे आणि गुणोत्तर चारास एक आहे. उणे ८ डेसिबेलचा आवाज सीमेच्या १२ डेसिबेल वर गेला. यंत्र त्या बाराचे तीन करील आणि आवाज उणे १७ वर आणून ठेवील. अशा रीतीने ९ डेसिबेल वाचले. मग सबंध गाणे ९ डेसिबेलने उचलता येते. मोठा आवाज होता तेथेच राहिला आणि हळू आवाज वर आला, असे ऐकणाऱ्यास वाटते. पण हळू आवाजाबरोबर खोलीतील पंखा, बाहेरचा रस्ता आणि टेपेची सरसर हेही तितकेच वर येतात. यंत्र किती चपळाईने आवाज पकडते आणि आवाज ओसरल्यावर किती वेळाने तो सोडते, या आणखी दोन गोष्टी. ध्वनिमुद्रक त्यांस अ‍ॅटॅक आणि रिलीज म्हणतात. आपण पकड आणि सोड म्हणू. इतिहासाच्या विद्यार्थ्यास या दोन सर्वांत महत्त्वाच्या आहेत, कारण नक्कलकाराच्या बोटांचे ठसे त्यांतच सापडतात.

येथे एका घोटाळ्याचे निवारण करणे अवश्य आहे. एमपीथ्री इत्यादी प्रकारांत संगणकावरील जागा वाचविण्यासाठी ध्वनीची माहिती कमी केली जाते, त्यासही कॉम्प्रेशनच म्हणतात. ती क्रिया निराळी. तिला संक्षेपण म्हणावे व प्रस्तुत क्रियेस संकोचन म्हणावे, म्हणजे गोंधळ टळेल. संक्षेपणात कानास सहसा न जाणवणारा भाग गळतो. संकोचनात कानास स्पष्ट जाणवणारे नातेच बदलते.

संकोचन हे यंत्राच्याही आधीचे आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास हिंदी गायकांच्या पहिल्या तबकड्या भरल्या, तेव्हा वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. होता तो एक कर्णा. त्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि तान जोरात आली तर मागे सरावे लागे, नाहीतर सुई खोबणीबाहेर जाई. आवाज फार हळू झाला तर तो लाखेच्या तबकडीच्या खरखरीत बुडे. म्हणजे संकोचन करावयाचे ते गाणाऱ्यानेच आपल्या गळ्याने आणि मानेने. साडेतीन मिनिटांच्या आत चीज आटोपण्याचे बंधन पुष्कळांनी चर्चिले आहे. तीव्रतेच्या बंधनाची चर्चा त्या मानाने थोडी झाली. अब्दुल करीम खाँ यांचे १९०४-०५ च्या सुमारास भरलेले गाणे आणि १९३० नंतर विजेच्या साहाय्याने भरलेले गाणे एकापुढे एक ठेवून ऐकावे. दोहोंतील फरक केवळ वयाचा आणि गायकीच्या विकासाचा मानला, तर कर्णा आणि मायक्रोफोन यांतील फरक गायकाच्या खात्यावर मांडल्याचा दोष पदरी येतो. मायक्रोफोन आल्याने हळुवार आस पकडता येऊ लागली, आणि ती आस तबकडीवर प्रथम ऐकू येते म्हणून गायकाच्या गळ्यातही ती प्रथम तेव्हाच आली, असे ठरत नाही.

१९२५ मध्ये विजेने ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर हे काम गायकाकडून यंत्रचालकाच्या हाती गेले. तो काचेपलीकडे बसून चावी फिरवी. यंत्राने ते काम आपल्याकडे घेतले ते संगीतासाठी नव्हे, टेलिफोनसाठी. अटलांटिकपलीकडील रेडिओ-टेलिफोनवर आकाशातील खरखरीत बोलणे बुडू नये म्हणून पाठविण्यापूर्वी आवाजाचा पल्ला आवळावयाचा आणि पलीकडे पुन्हा पसरावयाचा, अशी कॉम्पँडर नावाची योजना बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९३४ साली प्रसिद्ध केली. नभोवाणीस निराळी अडचण होती. प्रक्षेपकास ठराविक मर्यादेपलीकडचा आवाज सोसत नाही. म्हणून त्याच दशकात नभोवाणी केंद्रांसाठी लिमिटर निघाले. ध्वनिमुद्रणगृहांतील पुढील इतिहास थोडक्यात सांगून पुरे : १९५९ च्या सुमाराचे फेअरचाइल्डचे निर्वात नळ्यांचे यंत्र, १९६० नंतरच्या दशकात जिम लॉरेन्स यांनी प्रकाशाच्या साहाय्याने चालविलेले, आणि १९६७ चे बिल पटनम यांचे ट्रान्झिस्टरवरचे. आज घरच्या संगणकावर जी संकोचने मिळतात, त्यांतील पुष्कळ या तिहींच्या नकला आहेत. रे डॉल्बी यांचा मात्र उल्लेख केला पाहिजे. १९६३ ते १९६५ या काळात ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते, आणि येथून परतल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. टेपेची सरसर घालविण्याची त्यांची पद्धती म्हणजे कॉम्पँडरच्याच तत्त्वाचा सूक्ष्म वापर होय : भरताना हळू आवाज उचलावयाचा, ऐकताना तितकाच खाली आणावयाचा. डॉल्बीने भरलेली कॅसेट डॉल्बीवाचून वाजविली की ती तिखट आणि चपटी लागते. जुन्या कॅसेटीच्या वेष्टनावर ती खूण आहे की नाही, हे म्हणूनच आधी पाहावे.

आता घराकडे वळू. महाराष्ट्रात घरगुती ध्वनिमुद्रणाची दोन युगे पडतात. पहिले स्पूल टेपरेकॉर्डरचे. ते यंत्र जड आणि महाग. मुंबई-पुण्याच्या सधन रसिकांच्या घरी असे आणि घरच्या बैठकीत लावले जाई. बहुतेक जुन्या स्पूल यंत्रांत आवाजाची पातळी हाताने ठेवावी लागे. यजमान सुरुवातीस काटा पाहून चावी लावीत आणि मग गाणे ऐकण्यात रंगून जात. त्यांच्या या रंगण्याचा इतिहासास मोठा लाभ झाला. चावी ज्या ठिकाणी ठेवली तेथेच राहिली, म्हणून विलंबितातली कुजबूज कुजबुजीइतकीच आणि द्रुतातली तान तानेइतकीच मुद्रित झाली. सरसर आहे, मधूनच आवाज फाटला आहे. पण हळू आणि मोठा यांचे नाते अभंग आहे.

दुसरे युग कॅसेटचे. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट पुढे आणली. तिची फीत अवघी ३.८१ मिलिमीटर रुंद आणि वेग सेकंदास ४.७६ सेंटिमीटर. एवढ्याशा फितीवर पल्ला थोडा मावतो, आणि यंत्र तर घरातील कोणीही चालवावयाचे. यास्तव निर्मात्यांनी त्यात आपोआप पातळी राखणारे मंडल बसविले, आणि स्वस्त यंत्रांतून हाताची चावी काढून टाकली. १९७५ नंतर आखाती देशांत नोकरीस गेलेल्या कोकणातील माणसांनी जे 'टू-इन-वन' घरी आणले, ते बहुधा याच जातीचे. ज्या घरी पूर्वी ध्वनिमुद्रणाचे नाव नव्हते तेथे ते या पेटीने पोचविले, हे तिचे श्रेय मोठे आहे. तिच्यावाचून धवल्यांची घरगुती फीत उरलीच नसती. परंतु तिच्या पोटातील मंडल हे एक पक्के संकोचन होते. पकड सेकंदाच्या लहानशा अंशाची, सोड कित्येक सेकंदांची, आणि ते बंद करण्याची सोय नाही. पुढे लग्नाच्या चित्रफितींचे कॅमेरे आले, त्यांतही हीच व्यवस्था होती. यावरून एक विपरीत वाटणारा निष्कर्ष निघतो. आवाजाच्या जोराबाबत जुनी स्पूल फीत नंतरच्या कॅसेटीपेक्षा अधिक विश्वसनीय आहे. साधन अलीकडचे म्हणून अधिक खरे, हा समज येथे टिकत नाही.

अशा यंत्रावर मांडवातील धवला कसा उमटतो, ते पाहू. यंत्र सुरू होते तेव्हा खोली शांत असते, म्हणून मंडलाने वर्धन शिगेस नेलेले असते; पहिला स्वर त्यामुळे अंगावर आल्यासारखा फुटतो आणि लगेच दबतो. धवलारीण वृद्ध असून तिचा आवाज बारीक आहे. ती ओळ उचलते, मंडल तिला वर आणते. मागून बायका ती ओळ म्हणतात, तेव्हा मंडल त्यांना खाली दाबते. परिणामी एक आवाज आणि पंधरा आवाज जवळजवळ एकाच जोराचे ऐकू येतात. फितीवर विसंबून कोणी लिहील की, या गावात मागे म्हणणाऱ्या थोड्या होत्या, किंवा धवलारणीचा आवाज सर्वांवर मात करणारा होता. दोन्ही विधाने यंत्राची आहेत, गावाची नव्हेत. इतक्यात दारात बेंजो सुरू होतो किंवा फटाका वाजतो. मंडल एका क्षणात वर्धन खाली ओढते आणि फटाका संपल्यावरही काही सेकंद सोडीत नाही. तेवढ्या वेळात गाणे जणू विहिरीत पडते आणि हळूहळू वर येते. ऐकणारा म्हणतो, बायका दचकून थांबल्या. त्या थांबल्या नव्हत्या. पाठवणीच्या धवल्यात आवाज दाटून खाली येतो, ही तर त्या गाण्याची मर्मजागा. आणि ठीक तेथेच मंडल त्याला उचलून इतर ओळींच्या बरोबरीस बसविते. गहिवर फितीवर येतो तो श्वासांतून आणि स्वराच्या कंपातून. जोरातून येत नाही.

मग अशा फितीतून मूळ तीव्रता काढता येईल काय? काही प्रसंगी, बऱ्याच अंशी येते. आणि त्यासाठी साक्षीदार लागतो तो असा, की ज्याचा आवाज सर्व वेळ सारखा होता. बैठकीत तंबोरा असतो. धवल्यात वाद्य नाही. पण खोलीत पंखा असतो, किंवा विजेच्या पुरवठ्याची घूं अशी गुंजन मायक्रोफोनच्या तारेतून आत शिरलेली असते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही गुंजन ५० आणि त्याच्या पटींवर, १०० व १५० वर, सापडते. संगणकावर तो एकच धागा वेगळा काढून त्याची उंची क्षणोक्षणी मोजावी. तो धागा मुळात सपाट असावयास हवा. फितीवर तो जेथे खाली गेला तेथे मंडलाने वर्धन तितके कमी केले होते, आणि जेथे वर आला तेथे तितके वाढविले होते. हीच वर्धनाची रेघ. ती उलटी लावली की गाण्याचा हरवलेला चढउतार अंदाजाने परत मिळतो. जो पंखा गाण्याच्या रसिकास नकोसा, तो इतिहासकाराचा निःपक्षपाती कारकून ठरतो. याच्या मर्यादा उघड आहेत. मायक्रोफोन एका जागी असला पाहिजे, साक्षीदाराचा आवाज टेपेच्या सरसरीवर उठून दिसला पाहिजे, आणि तो मंडलाच्या आधी आत शिरलेला असला पाहिजे. वाजविणाऱ्या यंत्राची गुंजन या कामी निरुपयोगी. शिवाय भारनियमनाच्या दिवसांत पंखा बंद आणि यंत्र सेलवर, अशीही लग्ने या भागाने पाहिली आहेत. पुन्हा मांडलेली तीव्रता ही संपादकाची पूर्ती होय. फाटलेल्या कागदावरील अक्षरे चौकटी कंसात घालतात, त्याच भावनेने ती वेगळ्या प्रतीत ठेवावी आणि तसे लिहावे.

पुष्कळ उत्साही मंडळी नेमके उलटे करतात. घरची कॅसेट संगणकावर घ्यावयाची, आवाज 'उठावा' म्हणून तीवर आणखी एक संकोचन चढवावयाचे, सरसर पुसावयाची, आणि कॅसेट टाकून द्यावयाची. सरसरीबरोबर पंख्याचा धागाही पुसला जातो. गुंडाळी संपादून अस्सल चुलीत घालण्यासारखे हे आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेने या बाबतीत स्पष्ट मार्गदर्शन केले आहे : संग्रहाची प्रत काढताना व्यक्तिगत रुचीने कोणतीही सुधारणा करू नये, प्रत किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या मापाची घ्यावी, सुधारणा करावयाच्या त्या वेगळ्या वापरप्रतीवर. गुरगाव येथील १९८२ पासून चालत असलेले लोकसंगीताचे संशोधनकेंद्र किंवा मुंबईचे राष्ट्रीय संगीत व नाट्य केंद्र अशा संस्थांस हे नवे नाही. घरात मात्र हे कोणी सांगितलेले नसते.

२४ बिट या आकड्याचे महत्त्व येथे थोडे उलगडले पाहिजे. दर बिटास सुमारे ६ डेसिबेल पल्ला मिळतो. १६ बिटांच्या तबकडीस ९६, तर २४ बिटांस हिशेबाने १४४. लाखेच्या तबकडीत ३० ते ४० डेसिबेल मावत. म्हणजे ज्या अडचणीपोटी संकोचन जन्मास आले, ती अडचण मुद्रणाच्या क्षणी आता उरलेली नाही. आज पनवेलच्या एखाद्या सदनिकेत कोणी घरच्या घरी गाणे भरीत असेल, तर त्याने पातळी बेताची ठेवावी, सर्वांत मोठा आवाजही शिगेच्या १० ते १२ डेसिबेल खाली राहील असे पाहावे, आणि संकोचन नंतर करावे. नंतर केलेले संकोचन काढून टाकता येते. मुद्रणात मुरलेले निघत नाही. त्याने ते करूच नये असे नव्हे. लोकलच्या गर्दीत कानांत यंत्र घालून ऐकणाऱ्यास पल्ला आवळलेले गाणेच ऐकू येते, आणि आगरी-कोळी गीतांच्या ढोलाचा ठोका संकोचनाने जसा बसतो तसा एरवी बसत नाही. तो त्या गीतप्रकाराच्या घडणीचाच भाग झाला आहे. गाणे इतरांपेक्षा मोठे वाजावे म्हणून ते चेपीत जाण्याची चढाओढ मात्र आता निष्फळ आहे. युरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये सरासरी तीव्रतेचे मानक लावले, आणि पुढे यूट्यूबसारख्या माध्यमांनीही मोठे गाणे आपण होऊन खाली आणण्याचा प्रघात पाडला. चेपलेले गाणे तेथे मोठे न वाजता नुसते चेपलेले वाजते.

मोबाइल फोनने परिस्थिती पुन्हा कॅसेटीच्या काळाकडे नेली आहे, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. पुष्कळ फोनांत मायक्रोफोनचा आवाज बोलण्यासाठी आपोआप सारखा केला जातो, आणि सतत चालू असलेला एकसारखा नाद कोलाहल समजून दाबला जातो. तंबोरा हा त्यास कोलाहल वाटतो, पंखाही. म्हणजे संकोचन आहेच, वर साक्षीदारही नाहीसा. मग ती फीत व्हॉट्सअ‍ॅपवरून नातेवाइकांकडे जाते आणि संक्षेपणाची आणखी एक पायरी उतरते. यावर उपाय आहे. अँड्रॉइडच्या २०१६ मधील सातव्या आवृत्तीपासून, यंत्राची तयारी असल्यास, असंस्कृत ध्वनी घेण्याची सोय ठेवलेली आहे. ती वापरणारे, आपोआप वर्धन बंद करता येणारे ध्वनिमुद्रणाचे साधन फोनवर घ्यावे. किंवा हाताने पातळी ठेवता येणारे लहानसे मुद्रणयंत्र न्यावे.

क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे अवश्य करावे. गाणे सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यानंतर अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज भरावा. मायक्रोफोन धवलारणीपासून किती हातांवर होता, मागे म्हणणाऱ्या कोठे बसल्या होत्या आणि किती होत्या, हे त्याच दिवशी वहीत लिहावे. आपोआप वर्धन चालू होते की बंद, हेही लिहावे. जुनी कॅसेट मिळाल्यास ज्या यंत्रावर ती भरली त्याची चौकशी करावी. ते यंत्र पुष्कळदा माळ्यावर असते, आणि त्याच्या दर्शनी भागावर पातळीची चावी आहे की नाही, एवढे पाहिले तरी फितीविषयीचा अर्धा प्रश्न सुटतो.